मामा, जहाज धरून ठेवा!

जहाजाला कंडक्टर नसतो, ही गोष्ट मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळली, आणि तीही जहाज निघून गेल्यावर.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून लेकीनं मुंबई-गोवा-मुंबई क्रूझची तिकिटं काढून दिली. आम्हा नवराबायकोबरोबर तिसरे होते अणदूरचे माझे मामा. (लग्न त्यांनीच जमवलं होतं. जबाबदार माणूस सोबत असलेला बरा!) परतीच्या रात्री जहाजावर मोठी मेजवानी होती आणि तिच्यासाठी सुनंदानं नवी कोरी इरकल घेतली होती. नळदुर्गपासून मुंबईपर्यंत ती पिशवी तिनं मांडीवरून खाली ठेवली नाही. मलाही हात लावू दिला नाही.

गोव्याच्या बंदरात जहाज लागलं. चारपर्यंत परत या, पाचला जहाज सुटेल, असं तीन भाषांत सांगण्यात आलं. बाकीचे प्रवासी एसी गाड्यांत बसले. मी छाती पुढं काढून जाहीर केलं, "आपला जन्म एसटीत गेलाय. आपण बसनंच पणजी बघू!"

सुनंदा म्हणाली, "अवं, पण उशीर झाला तर?"

"पाच म्हंजी साडेपाच गं. अन् मामा हायत की जहाजावर!"

मामांचे गुडघे दुखत होते, ते उतरणार नव्हते. डेकवरच्या खुर्चीत ऐसपैस बसून ते म्हणाले, "तुमी जावा बिनघोर. म्या हाय की गाडी धरून!"

यात हसण्यासारखं काही नाही. आमच्याकडं घरातला एक माणूस गाडीत असला की गाडी हलत नाही. त्यानं पायरीवर एक पाय ठेवून "माणूस येतोय" एवढंच म्हणायचं, तोवर उरलेले पाचजण चहा संपवून, केळी घेऊन, भाव करून येतात. या विद्येत मामांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. मामी बांगड्या भरत होत्या म्हणून त्यांनी एकदा तुळजापूरच्या स्टँडवर गाडी धरून ठेवली होती. दोन्ही हात भरून होईपर्यंत!

त्यामुळं आम्ही पणजीत निवांत फिरलो. मग फेरीबोट दिसली. माणसं, स्कूटरी, मोटारी, सगळ्यांना पोटात घेऊन ती नदी ओलांडत होती. मी तिकीट मागितलं, तर तिथला माणूस म्हणाला, "चालत्या माणसाला तिकीट नाही."

"फुकट?" सुनंदाचे डोळे लकाकले.

आम्ही पलीकडं गेलो, अलीकडं आलो. सुनंदा म्हणाली, "अजून एकदा!" पुन्हा गेलो. येताना समोरून एक लांबलचक मालवाहू बार्ज आली. ती आपली डुलत डुलत चाललेली, आमची बोट थांबलेली! सुनंदानं घड्याळ दाखवलं. मी म्हणालो, "मामा हायत." काठावर उतरून स्टँडवर पळालो, तर बस गच्च भरलेली. ती सोडली, पुढची धरली. "मामा हायत," मी पुन्हा म्हणालो, पण आवाज जरा बारीक झाला होता.

बस बंदराच्या वाटेवरच्या मोठ्या पुलावर आली. खिडकीतून समुद्राकडं बघत सुनंदा हरखून म्हणाली, "अवं, बगा की! किती सुंदर जहाज चाललंय! आपल्यासारखंच हाय!"

मी बघितलं.

"आपल्यासारखं न्हाय गं. आपलंच हाय!"

आख्खी बस आमच्याकडं बघायला लागली. सुनंदा किंचाळली, "माझी इरकल!" (मामांचं नाव तिला नंतर आठवलं.) तेवढ्यात फोन वाजला. मामाच होते.

"बाळू, कुठं हायस रं? गाडी हलली!"

"मामा, थांबवा की!"

"कुणाला सांगू? पार फुडच्या टोकापतूर जाऊन आलो, डायवर दिसंना! घंटीची दोरी न्हाय. शेवटी पत्रा बडवला!"

"मग?"

"मग दोन पोरी आल्या अन् सरबत देऊन गेल्या."

आणि फोन कटला. सत्तरी ओलांडलेला माणूस, पहिल्यांदाच समुद्रावर, एकटा! मामीला काय तोंड दाखवायचं? मिळेल ती बस धरून रात्रभर हाडं खिळखिळी करत आम्ही मुंबईचं बंदर गाठलं. जहाज यायचं होतं. आमच्या एसटीनं, म्हणजे बसनं, जहाजाला हरवलं होतं. पण हे सुनंदाला सांगायची माझी छाती झाली नाही.

शेवटी जहाज लागलं आणि आमच्या तिन्ही बॅगा ढकलत मामा उतरले. चेहऱ्यावर तुकतुकी, गळ्यात कसलीशी रंगीत माळ, डोक्यावर फटफटीत पांढरी टोपी! मी धावत जाऊन पाया पडलो. माझे डोळे भरून आले होते.

"मामा, लई हाल झालं असतील तुमचं!"

"हाल कसलं? जेवाण झकास हुतं. गाडी थांबली न्हाय, ती चूक झाली माजी," मामांनी खांदा थोपटला. "पर जागा सोडली न्हाय! जेवायला माणसांची ही गर्दी. तुमच्या दोन खुर्च्यांवर रुमाल टाकून बसलो. एक सायेब बसाय आला, त्याला म्हनलं, उठा, माणूस येतोय!"

सुनंदानं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, खाली समुद्रात उडी टाकावी. कपाळाला हात लावून गप्प उभं राहण्याचीच ती वेळ होती. पण जन्म एसटीत गेलेला, तोंडातून निघूनच गेलं,

"मामा, खिडकीच्या हुत्या का?"