फाटकालगतची खोली

लोणावळ्याच्या जुन्या बंगल्यांच्या वस्तीत, एका फाटकाला चिकटून असलेल्या खोलीत हौशीराम एकतीस वर्षं राहत होता. दगडी भिंत, वर कौलं, रस्त्याकडे एक खिडकी. खोली बंगल्याच्या मालकाने, थोरल्या साहेबांनी, तोंडी दिलेली, कागद नाही. थोरले साहेब गेले. त्यांचा मुलगा सुहास मुंबईहून वर्षातून एकदा येतो, दुपारी जेवून परत जातो. मळवलीजवळच्या गावात हौशीरामचं घर आहे, पण ते भावाच्या संसाराने केव्हाच भरून गेलं.

बंगला राखायचा आणि दाखवायचा, एवढंच त्याचं काम. फाटकाशी कोणीही थांबलं की तो सांगत सुटायचा. जिना सागवानी आहे, विहीर मे महिन्यातही आटत नाही. या वस्तीतले सगळेच राखणदार असे बोलतात. दुसऱ्याच्या घराचं कौतुक करताना त्यांचा आवाज मालकाचा होतो.

दिवाळीनंतर शेजारच्या बंगल्यात कॉफीचं दुकान निघालं. तिथला राखणदार दत्तोबा एका सोमवारपासून दिसेनासा झाला. हौशीरामने कोणाला विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, याची त्याला भीती वाटली.

मग जागांचा एजंट संदेश एका बाईंना घेऊन आला. रेणुका मॅडम, पुण्याच्या. हातमागाच्या कपड्यांचं दुकान काढणार होत्या. हौशीरामने बंगला फिरवून दाखवला.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या, "पण मला एवढा मोठा नको. लहानशी जागा हवी, रस्त्यावरून दिसणारी."

"मंग ही बघा की!" हौशीराम म्हणाला. हात आपोआप फाटकालगतच्या खोलीकडे गेला होता. "शनवार-रविवारची समदी गर्दी हितनंच जाती. भिंत दोन फुटी. लय थंड."

संदेश हसला. "भाऊ, माझा धंदा बसवणार तुम्ही!"

हौशीरामही हसला. आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता.

ते गेल्यावर त्याची बायको लीलाबाई दारात आली. हाताला पीठ. "आपलीच खोली दावली तुमी?"

तेव्हा कुठे त्याला आपण काय बोललो ते कळलं.

त्यानंतरचे आठ दिवस तो रस्त्यावर गाडी थांबली की उठून उभा राहायचा. जेवताना घास तोंडात फिरत राही. बागेला पाणी घालायचा, पण कोणत्या झाडाला घातलं ते आठवायचं नाही. खोली त्याला बाहेरून दिसू लागली होती: खिडकीच्या जागी मोठी काच, काचेत साड्या.

लीलाबाईने उपाय काढला. "पुन्ना आल्या तर सांगा, गळती म्हणून. लोणावळ्यात गळकी जागा कोन घेतंय?"

"मी दर साल कौलं परततो. माझ्या तोंडानं कसं सांगू?"

"मंग घ्या ती कौलं डोस्क्यावर आन् चला मळवलीला."

बुधवारी सकाळी रेणुका मॅडम संदेशबरोबर आल्या. खोलीत चहाचं आधण होतं, दोरीवर लीलाबाईचं लुगडं. त्यांनी ते पाहिलं आणि नजर वर कौलांकडे नेली. "पावसाळ्यात गळतं का हो?"

"गळतं," तो म्हणाला. "लय गळतं."

"मग बरंच झालं," रेणुका मॅडम संदेशला म्हणाल्या. "छप्पर तसंही काढायचंच होतं. भिंतही पाडू. समोर पूर्ण काच."

"न्हाई, न्हाई!" हौशीराम पुढे सरकला. "गळत न्हाई. एक थेंब न्हाई!"

दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. संदेशने मुंबईला फोन लावला, दोन वाक्यं बोलला, आणि फोन हौशीरामच्या हातात दिला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला.

"हौशीराम," सुहासचा आवाज आला, "खोली गळते? मला कधी बोलला नाहीस."

"गळत न्हाई, साहेब. मी खोटं बोललो."

"का?"

एकतीस वर्षांत मालकाने त्याला पहिल्यांदाच 'का' असं विचारलं होतं. लीलाबाईने स्टोव्ह बंद केला.

"आमी ऱ्हातो ना तितं, साहेब."

मग सुहास म्हणाला, "तुम्ही अजून तिथेच राहता? मला वाटलं, गावाहून ये-जा करता."

दरवर्षी साहेबांची गाडी या दाराला घासून आत जायची. दारात तो उभा असायचा, लीलाबाई पदर सावरून उभी असायची. जाग्यावरून हलवायला आधी मालकाच्या लेखी माणूस तिथे असावा लागतो.

"संदेशला फोन दे," सुहास म्हणाला.

हौशीरामने फोन दिला नाही. कानाला तसाच घट्ट धरून तो उंबऱ्यावर बसला. आत येणारी वाट त्याच्या अंगाने बंद झाली.

"साहेब," तो म्हणाला, "आदी माज्याशी बोला."