इंदुरीच्या विमानासाठी वलवणची सही

श्रीरंग निवृत्त झाला तेव्हा मला वाटलं होतं, आता हा गच्चीवर बाग करेल, नाहीतर माझ्या स्वयंपाकात लुडबुड करेल. माझा नवरा विमान उडवायला शिकला. परवाना हातात पडल्यापासून त्याला स्वतःचं विमान हवं होतं आणि नव्याची किंमत ऐकून मी जे डोळे वटारले ते पाहून तो जुन्याच्या शोधाला लागला. इंदुरीजवळ शेतातल्या शेडमध्ये दोन माणसांचं एक हलकं विमान उभं असल्याचं त्याला कळलं आणि जानेवारीतला एक गुरुवार ठरला. इसाराचं पाकीट बरोबर घेऊनच निघायचं, असा त्याचा हट्ट. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

निगडीहून सकाळी सातला निघालो. जुन्या हमरस्त्याने तळेगावपर्यंत काही त्रास नाही. पुढचा चाकण रस्ता मात्र कंटेनरवाल्यांचा. आपण त्यांच्यामधून वाट मागत जायचं. इंदुरीत किल्ल्याचा दरवाजा बघितला, इंद्रायणीच्या काठाने एक चक्कर मारली आणि साठ रुपयांची मिसळ खाल्ली. तर्री मागून घ्या, आपणहून देत नाहीत.

शेडचे मालक पोपटराव पन्नाशीचे, बोलायला मोकळे. विमान त्यांच्या वडिलांचं, आबांचं. आबांची काही जमीन रस्त्यात गेली तेव्हा गावातल्या इतरांनी बंगले बांधले, मोठ्या गाड्या घेतल्या. आबा विमान शिकून आले.

“लोक लय हसली,” पोपटराव म्हणाले. “मंग समदी बसाया आली.”

दोन वर्षांपूर्वी आबा गेले. तेव्हापासून विमानावर ताडपत्री होती.

श्रीरंगने चार तास त्या विमानाला सोडलं नाही. कुणी असं जुनं विमान बघायला जाणार असेल तर त्याने काय केलं ते सांगते. सांगाड्यावरच्या पट्टीचा क्रमांक नोंदणीच्या दाखल्याशी जुळवला. इंजिनाचा क्रमांक वेगळा जुळवला, कारण इंजिन बदललेलं असू शकतं. उड्डाणवहीतले तास पहिल्या पानापासून मोजले. आबांनी कर्ज काढलं होतं, ते फिटल्याचं बँकेचं पत्र होतंच. पण सरकारी नोंदीतूनही बँकेचं नाव उतरलंय का, ते त्याने आधीच उतारा मागवून पाहिलं होतं. सगळं जुळलं. मालकाच्या रकान्यात अजून आबांचंच नाव होतं.

“आबा गेलं, मी हाय की,” पोपटराव म्हणाले. “चावी माझ्याकडं.”

श्रीरंगने मान डोलावली. खरं सांगायचं तर मीही डोलावली. जेवण झालं की पाकीट द्यायचं ठरलं.

जेवायला त्यांच्याच घरी बसलो. घरचा इंद्रायणी तांदूळ, आमटी, लसणाची चटणी. वाढता वाढता लतावहिनींनी, म्हणजे पोपटरावांच्या पत्नीने, नवऱ्याला विचारलं, “वन्संना इचारलं का?”

पोपटरावांचा घास थांबला. “विमान म्हंजी काय जमीन हाय? ट्रॅक्टरवानी वस्तू ती.”

“आबांचा ट्रॅक्टर तरी तुमच्या एकट्याचा कुटं व्हता? खालच्या रानाचा सौदा त्यांच्या सहीपायी सा म्हैने थांबलाच की.”

मी श्रीरंगकडे पाहिलं. मावळात बहिणींच्या सह्या झाल्याशिवाय कुणी गुंठाभर जमिनीचा इसार देत नाही. आम्ही बोल्टसुद्धा तपासले होते आणि आबांना मुलं किती, एवढं विचारायचं राहिलं होतं. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हा न्याय आम्हा शिकल्यासवरल्यांनी निमूट मानला होता. श्रीरंगने पाकीट खिशात परत ठेवलं. तोंड इतकं उतरलं होतं की मला त्याची माया आली.

“अक्का वलवणला ऱ्हाती,” पोपटराव म्हणाले. “तुमीच जाऊन या. करंल ती सही. माझी रानाला पाणी द्यायची पाळी हाय.”

त्या रात्री लोणावळ्यात राहिलो. मधल्या वारी अठराशेत स्वच्छ खोली आणि सकाळचे पोहे मिळाले; शनिवारी हीच खोली दुप्पट होते.

शुक्रवारी सकाळी वलवणला गेलो. कुसुमअक्कांचं घर धरणाच्या अंगाला, वरच्या दोन खोल्या त्या पर्यटकांना देतात. साठीच्या आसपासच्या, ताठ बाई. चहा देऊन त्यांनी सगळं ऐकून घेतलं. विमान विकायला काढलंय हे त्यांना आमच्याकडूनच कळत होतं.

“आबांच्या शेजारी पयली मी बसलेली,” त्या म्हणाल्या. “पोपट भ्यालता.”

श्रीरंगने लिहून आणलेला संमतीचा कागद त्यांनी दोनदा वाचला आणि पेनला टोपण लावलं.

“पोपट कुटंय?”

“त्यांची पाण्याची पाळी आहे,” मी म्हटलं.

“रानाच्या टायमाला वकील धाडला. आता तुमाला धाडलं. तुमी भली माणसं, पर तुमाला काय बोलू? मला विमान नको, पैसा बी नको. त्यानं यावं, हितं बसावं आन् म्हणावं, अक्का, इकू का?”

श्रीरंग अंगणात जाऊन पोपटरावांना फोन करत होता. वर्षभर ज्याच्यासाठी जीव टाकला ते हातचं जातंय, हे त्याच्या पाठीवरूनही दिसत होतं. तरी मी त्याला स्पष्ट बोलताना ऐकलं. “भाऊ, तुम्ही आल्याशिवाय मी विमान घेणार नाही.”

दीड वाजता पोपटराव मोटरसायकलवर आले. पायजम्याला रानातला चिखल तसाच. पायरीवर बसले आणि कितीतरी वेळ हातातल्या चावीशी खेळत राहिले.

“अक्का,” शेवटी म्हणाले, “आबांचं विमान इकू का?”

“आदी जेव.”

चौघं जेवलो. हात धुऊन अक्कांनी सही केली. “शेडात कुजण्यापरीस उडू दे,” म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले. पोपटराव भिंतीकडे बघत होते.

आता आधी दोघा भावंडांची नावं सरकारी नोंदीत लागायची, मग खरेदीखत, मग आमचं नाव. काही महिने जातील. सगळं रीतसर होईपर्यंत इसारही द्यायचा नाही, असं श्रीरंगनेच ठरवलं.

परतताना कामशेतजवळ तो म्हणाला, “नुसतं विचारायचं होतं. किती सोपं होतं.”

मी त्याला पहिल्यांदाच सांगितलं. साताऱ्याचं माहेरचं घर दादाच्या नावावर झालं तेव्हा हक्कसोडीचा कागद मला कुरियरने आला होता. सही कुठे करायची तिथे पेन्सिलच्या फुल्या होत्या. मी त्याच दिवशी सही करून परत पाठवला. घर मला तेव्हाही नको होतं, आजही नको. श्रीरंगने गाडी हळू केली.

घरी पोचल्यावर चहा टाकला आणि दादाला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, “त्या कागदाच्या वेळी तू स्वतः का नाही आलास?”



“तुझ्या तोंडाकडे बघून मागता आलं नसतं मला,” तो म्हणाला. आणि मग, “रविवारी येऊ का?”

“ये,” मी म्हटलं.