मी न केलेला इशारा

शारजाच्या औद्योगिक भागात मी आयुष्यभर गॅरेज चालवलं. इंजिनातून आवाज आला तर त्याला कारण असतंच, एवढं मला कळतं. कुणी भुताखेतांच्या गोष्टी काढल्या की मी चहा संपवून उठायचो. वाचकांच्या अशा अनुभवांच्या या सदरात कधी लिहीन असं वाटलं नव्हतं... पण आता वय झालंय, आणि एक गोष्ट खरी सांगून टाकायला हवी.

सलीम माझ्या धाकट्या बहिणीचा, रेहानाचा नवरा. आम्ही दोघे रत्नागिरीकडचे, दोघांनाही मोटरसायकलचं वेड. थंडीत सुट्टीच्या दिवशी पहाटे निघायचं, अबू धाबी मागे टाकून थेट पश्चिमेला सिलापर्यंत. मिर्फाजवळ हायवे सोडून समुद्रालगतचा दुपदरी रस्ता धरायचा — उजवीकडे पाणी, डावीकडे मिठाने पांढरी पडलेली जमीन. वारा सुटला की रस्त्यावर वाळू चढते. लांबून ती डांबरावर सावली पडल्यासारखी दिसते. म्हणून पुढच्याने पाय बाहेर काढून मागच्याला इशारा करायचा, हा आमचा नियम. सलीम तो पाय दोनदा झटकायचाही, चपलेतला खडा काढावा तसा.

त्या दिवशी वाटेत चहाला थांबलो होतो. इतर चार मोटरसायकलवाल्यांसमोर तो हसत म्हणाला, "भाई, आता पुढे मी राहतो. तुमचा चष्मा आणि ही वाळू, दोघांचं काही जमत नाही."

सगळे हसले. मला ते लागलं. हेल्मेट चढवलं आणि मीच पुढे निघालो.

वाळू मला वेळेवर दिसली. वेग कमी करून मी त्यातून निघालो. पाय बाहेर काढला नाही. मनात आलं, पुढे राहायची हौस आहे ना, मग बघू दे स्वतःच... आरशात त्याचा दिवा आडवा झालेला दिसला. हॉस्पिटलात पोचेपर्यंत तो गेला होता.

पोलिसांना आणि रेहानाला मी एकच सांगितलं — इशारा केला होता, त्याचं लक्ष नव्हतं. त्यांचा मुलगा फैजान तेव्हा लहान होता. पुढे तो गाडी शिकला तेव्हा रेहाना त्याला सारखी बजावायची, बापासारखा बेफिकीर होऊ नकोस. तो म्हणायचा, "आय नो, अम्मी." मी समोरच बसून जेवत असायचो.

गेल्या थंडीत फैजानने हट्ट धरला. अब्बा गेले ती जागा बघायची, आणि मोटरसायकलवरूनच. रेहाना कशीबशी तयार झाली, तीही एका अटीवर — मामू पुढे राहतील.

भर दुपार, स्वच्छ ऊन. मिर्फाच्या त्या रस्त्यावर अचानक माझ्या पुढे एक मोटरसायकल दिसली. कुठून आली, कळलं नाही. वळणाशी पोचताच त्या स्वाराने पाय बाहेर काढला... आणि दोनदा झटकला.

माझा पाय आपोआप बाहेर निघाला. ब्रेक दाबला. वळणापलीकडे अख्खा रस्ता वाळूखाली होता. तिच्यावर चाकाची एक रेघही नव्हती. पुढे कोणी नव्हतं.

फैजान मागून सुखरूप येऊन थांबला. म्हणाला, "थँक्स मामू. तुम्ही सिग्नल दिला नसता तर मी गेलोच होतो." मी त्याला पुढच्या मोटरसायकलबद्दल विचारलं.

"कुठली? पुढे तर तुम्हीच होतात."

तिथेच, रस्त्याच्या कडेला बसून मी त्याला सगळं सांगितलं. एरवी अर्धं इंग्रजीत बोलणारा मुलगा हळूच म्हणाला, "म्हणजे अब्बा बेफिकीर नव्हते."

"नाही."

तो उठून पाण्याच्या दिशेने चालत गेला. मी त्याच्या मागे गेलो नाही.

उन्हाचा भास म्हणावं, म्हाताऱ्या डोळ्यांचा दोष म्हणावं. मीही तसं म्हणून पाहिलं. पण वळणापलीकडची वाळू भासाला कशी कळली, याचं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही.

फैजानने घरी सांगितल्यावर रेहानाचा फोन आला. मी शिव्या ऐकायच्या तयारीत होतो. तिने एवढंच विचारलं, "भाई, सलीमने मागे वळून बघितलं का?"

"नाही."

"बरं," म्हणाली, आणि फोन ठेवला.

दर ईदला ती फैजानच्या हाती माझ्यासाठी शीरखुर्मा पाठवते. या ईदला तो रिकाम्या हाताने आला, आणि बराच वेळ माझ्याजवळ बसून राहिला.