डाव्या दरवाज्याच्या काळ्या पट्टीवरचं वॅक्स

चंडीगढच्या सेक्टर ३० मध्ये राहणाऱ्या भल्ला नावाच्या निवृत्त इंजिनिअरने मला गाडी विकताना फसवलं. आधी एवढं स्पष्ट सांगतो, मग बाकीचं.

भूत, आत्मा, करणी यांतलं काही मी मानत नाही. बार्शीहून एक बॅग घेऊन चंडीगढला आलो, दुसऱ्यांच्या गाड्या पुसत पुसत मोहालीत स्वतःचं कार डिटेलिंगचं, म्हणजे गाड्या धुऊन-पॉलिश करून चमकवण्याचं, दुकान टाकलं. या शहरात मला जेव्हा कधी अडचणीत आणलं, ते जिवंत माणसांनीच. त्यामुळे या प्रकरणातही मी आधी माणूसच शोधला. अजून शोधतोय.

मुलगी ऋचा संध्याकाळी सेक्टर ३४ ला कोचिंगला जाते. परतताना ऑटोवाल्यांशी रोजची कटकट... म्हणून तिच्यासाठी जुनी, छोटी गाडी बघत होतो. भल्लासाहेबांची लाल गाडी एकदम टकाटक होती. फक्त दरवाज्यांच्या खालच्या काळ्या प्लास्टिकच्या पट्टीवर — आम्ही तिला ट्रिम म्हणतो — पांढरे डाग होते. बघताच ओळखलं. वॅक्स! गाडीला पॉलिश करताना ट्रिमवर आधी टेप लावायचा असतो. घरगुती माणसं तो लावत नाहीत, मग वॅक्स प्लास्टिकच्या बारीक खरबरीत दाण्यांत जाऊन बसतं आणि वाळून पांढरं दिसतं. तेलकटपणा काढणारं डिग्रीझर, जुना टूथब्रश आणि अर्धा तास... डाग साफ.

पण हे विकणाऱ्याला कशाला सांगायचं? मी दहा वर्षं गाड्या विकत घेताना हीच ट्रिम दाखवून भाव पाडतो. तिथेही तेच केलं.

"ये तो गया जी," मी म्हणालो. "सारा प्लास्टिक धूप में मर गया. चारों दरवाज़ों का बदलना पड़ेगा."

"वैक्स है, शिंदे जी. मेरी मिसेज़ की गाड़ी थी. हर इतवार खुद लगाती थीं."

"वैक्स नहीं है. दस साल से यही काम करता हूँ. आप मुझे सिखाओगे?"

त्यांनी नखाने एक डाग खरवडून पाहिला. मग म्हणाले, "आप कहते हैं तो मर गया होगा."

भाव पडला. तेव्हा फार खूश होतो मी.

शनिवारी दुकानात स्वतः बसून चारही दरवाजे घासले. ट्रिम नव्यासारखी काळीभोर. सोमवारी सकाळी बघतो, तर मागच्या डाव्या दरवाज्याच्या पट्टीवर पुन्हा पांढरं! कधीकधी ऊन लागलं की आत राहिलेलं वॅक्स वर येतं, त्यामुळे मी मनावर घेतलं नाही. हीट गनने तापवून, घासून पुन्हा साफ केलं. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. बाकीचे तीन दरवाजे स्वच्छ.

आता डोकं फिरलं. वास घेतला तर डब्यातल्या जुन्या घट्ट वॅक्सचा वास... असं वॅक्स मी दुकानात ठेवणं कधीच बंद केलंय. म्हणजे बाहेरचं कुणीतरी लावतंय. गाडी एरवी घराखाली उभी असते, म्हणून आधी घरमालकाच्या ड्रायव्हरला धरलं. तो म्हणाला, "शिंदे जी, मैं अपनी गाड़ी नहीं धोता, आपकी चमकाऊँगा?" समोरच्या दुकानदारावरही संशय घेतला, कारण त्याला माझा धंदा खुपतो. पण मला त्रास द्यायचा तर तो ओरखडा काढेल, पॉलिश कशाला करेल? आणि खरं सांगतो, काम माझ्यापेक्षा चांगलं होतं. त्या दरवाज्याचा रंग आरशासारखा झाला होता. फक्त ट्रिम सांभाळली नव्हती.

बायको म्हणाली, "अहो, विकून टाका ना ती. कुठे वाद घालत बसता एका दरवाज्याशी?"

पण माझ्या डोळ्यांसमोर कुणी मला बनवतंय, हे मला सहन होत नाही.

शनिवारी संध्याकाळी गाडी दुकानात आत घेतली. डावी पट्टी पुन्हा कोरी काळी केली आणि पूर्ण टेपने झाकली. टेपच्या कडांवरून गाडीच्या पत्र्यापर्यंत मार्करने सह्या केल्या, म्हणजे टेप कुणी उचलला तर सही तुटेल. शटरला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. रविवारी सकाळी नऊला मीच शटर उघडलं आणि खुर्ची टाकून त्या दरवाज्यासमोर बसलो. डबा तिथेच खाल्ला. दोन वाजेपर्यंत गाडीजवळ कुणीही फिरकलं नाही. दुकानाच्या कॅमेऱ्यातही मी एकटा दिसतो, खुर्चीत बसलेला.

दोन वाजता सह्या तपासल्या. सगळ्या जशाच्या तशा.

टेप ओढला. खाली पट्टी पांढरी... आणि वॅक्स ओलं होतं. बोटाला लागलं.

तिथून थेट सेक्टर ३०. भल्लासाहेब गेटजवळ कुंड्यांना पाणी घालत होते. मी नमस्तेही केलं नाही.

"ये गाड़ी पे वैक्स कौन लगा रहा है?"

ते पाणी घालतच राहिले. "पिछला दरवाज़ा? लेफ्ट वाला?"

मी दरवाज्याचं नावही काढलं नव्हतं!

"आपको कैसे पता?" मी ओरडलोच. शेजारच्या बाल्कनीत माणसं आली.

"वहीं से शुरू करती थी. धीरे-धीरे पूरी गाड़ी."

"मैडम को बुलाओ बाहर. अभी के अभी!"

त्यांनी झारी खाली ठेवली. "बुलाने से आती तो मैं गाड़ी क्यों बेचता?"

उघड्या दारातून आत भिंतीवर बाईंचा हार घातलेला फोटो दिसला. तरी म्हणालो, "आपको पता था. बताया क्यों नहीं? ये धोखा है. वैक्स की बात छुपाई आपने."

"छुपाई?" ते पहिल्यांदाच हसले. "मैंने तो साफ़ कहा था वैक्स है. आपने कहा प्लास्टिक मर गया. अब किस बात की शिकायत है, शिंदे जी?"

गेट लावून आत गेले. मी रस्त्यात उभा. त्यांना खोटं ठरवायचं तर आधी माझं खोटं मान्य करावं लागणार होतं. ते आज इथे करतो. हो, ते वॅक्सच होतं, आणि मला ते माहीत होतं. पण माझं खोटं एका पट्टीपुरतं होतं. त्यांचं किती मोठं आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

ऋचाला सांगितलं, गाडी बंद. ती ऐकत नाही. मराठी सगळं कळतं, पण भांडते हिंदीत. "पापा, कोई गाड़ी चमका रहा है, इसमें डरना क्या? ऑटो में डर ज़्यादा लगता है." किल्ली तिच्याकडेच आहे.

मागच्या रविवारी डावे दोन्ही दरवाजे झाले होते. या रविवारी बॉनेटच्या खालची काळी जाळी. आता फक्त उजवी बाजू राहिली आहे, म्हणजे ड्रायव्हरची... जिथे माझी मुलगी बसते. पूर्ण गाडी झाल्यावर पुढे काय, हे कुणाला विचारू? मेकॅनिकला? मला याचं स्पष्टीकरण देता येत नाही. वाचकांपैकी कुणाला येत असेल तर जरूर सांगा, फक्त 'वॅक्स वर येतं' असं सांगू नका. टेपखाली ओलं वॅक्स वर येत नाही.

भल्लासाहेबांना मराठी येत नाही, म्हणून हेच सगळं हिंदीत लिहून त्यांच्या गेटवरच्या पेटीत टाकलंय. शेवटी त्यांना लिहिलंय: पैसे परत नकोत, गाडी परत घेऊ नका. पण तुमच्या घरी हे किती रविवार चाललं होतं, आणि उजवा दरवाजा झाल्यावर तिथे बसणाऱ्याचं काय झालं, हे तुम्हाला माहीत आहे. येत्या रविवारच्या आत माझ्या घरी या आणि माझ्या मुलीसमोर उभं राहून सांगा.