पऱ्हाटीच्या कांड्या

पऱ्हाटी जळल्याचा वास आला की मला अकोल्यातली ती सकाळ आठवते. पऱ्हाटी म्हणजे शेतात जाळून टाकतात त्या कपाशीच्या काड्या; त्या भरडून, दाबून मी जळणाच्या कांड्या केल्या होत्या. पण अमरावतीतली क्लासमध्ये शिकवायची नोकरी सोडून त्याचाच धंदा करायची हिंमत होत नव्हती. त्या सकाळी अकोल्यातल्या एका कचोरीवाल्या काकूंनी त्या कांड्या वापरून बघायला भट्टीत घातल्या. आधी नुसता धूर झाला. "काहून घाबरून राहिली? पेटन ना आता!" काकू म्हणाल्या. मी फुंकणी घेऊन जीव खाऊन फुंकलं आणि भट्टी लालबुंद पेटली, कढईत कचोऱ्या टम्म फुगल्या. "उद्यापासून मले हेच जळण पाह्यजे. पुरवशीन ना?" काकूंनी विचारलं. "हो!" मी ओरडलेच, आणि मग लक्षात आलं, आपण नोकरी सोडली. आज माझ्याकडे तीन मशिनी आहेत, पण इतकं बेधडक 'हो' मी पुन्हा कधी म्हटलं नाही.