मामांच्या गुळाची बिअर

काकवीचा वास आला की माझी मान अजूनही खाली जाते. काही वर्षांपूर्वी कोल्हापुरात एका लॉनवर क्राफ्ट बिअरचा महोत्सव भरला होता. मित्रांबरोबर हसत-खिदळत मी गुळाच्या बिअरच्या स्टॉलपाशी पोचलो, तर तिथे पांढरा पटका बांधून माझे मामा बसलेले. ते गुऱ्हाळावर गूळ शिजवायचे; त्या बिअरमध्ये त्यांच्याच हातचा गूळ होता, म्हणून स्टॉलवाल्यांनी त्यांना मुद्दाम आणलं होतं. लहानपणी उसाच्या कांडक्यावर गरम काकवी घेऊन मला भरवणारे तेच. मला बघून ते हात पुढे करत उठले, "आरं, तू कवा आलास?" मित्राने मला कोपरानं ढोसलं, "तुझी वळख कुठंबी निघती की. कोण ह्यो पटकेवाला?" माझ्या तोंडून गेलं, "गावाकडचे आहेत कुणीतरी." मामांनी ते ऐकलं. पुढे आलेला हात त्यांनी पटक्यावरून फिरवला, ग्लास उचलला आणि अनोळखी माणसाला म्हणावं तसं म्हणाले, "घ्या की पावणं, चव बघा." मी तो ग्लास त्यांच्यासमोर संपवला, वर छान आहे असंही म्हणालो. मामा अजून दिवाळीला ढेप घेऊन घरी येतात, जेवतात, तब्येत विचारतात. फक्त त्या दिवसापासून ते मला "तुम्ही" म्हणतात.