अडुसष्ट टक्के

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं मदतनीस असलेल्या बाईंना सगळे ताई म्हणत. खरं तर त्या एकट्या बारक्याच्याच ताई. हा त्यांचा धाकटा भाऊ. लांबच्या शहरात कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर.

प्रयोगशाळेतला जुना कॉम्प्युटर भंगारात निघाला, तेव्हा ताईंनी तो मागून घेतला. "विंडोज काढून लिनक्स टाकलं की असली खटारी पळायला लागतात," असं बारक्या कधीतरी म्हणाला होता. त्यांनी नेटवरून त्याची फाइल उतरवली, कुठेसा फुकट मिळालेल्या पेन ड्राइव्हवर चढवली आणि इन्स्टॉलेशन सुरू केलं. अडुसष्ट टक्क्यांवर गाडी अडली ती अडलीच.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी फोन लावला. एरवी "नंतर करतो गं" म्हणणारा बारक्या या खेपेला सरसावून बसला.

"हार्ड डिस्क गेली असणार. तपास."

डिस्क ठणठणीत होती. दुसऱ्या दिवशी त्याने रॅम काढून, पुसून परत बसवायला लावली. तिसऱ्या दिवशी केबल बदलली. गाडी काही हलेना, पण गप्पांना मात्र ऊत आला. आई वेणी घालताना केस कसे करकचून ओढायची, ते आठवून दोघं पोट धरधरून हसली. त्याची लेक आता त्याच्या खांद्याला लागते, हेही ताईंना तेव्हाच कळलं.

चौथ्या दिवशी सकाळी ताईंनी सुरुवातीच्या यादीतला 'मीडिया तपासा' हा पर्याय सहज निवडला. दोन फाइली खराब निघाल्या. म्हणजे दोष पेन ड्राइव्हचा. कॉम्प्युटर बिचारा उगाच बदनाम!

दुपारी बारक्याने विचारलं, "झालं का?"

"छे, अडकलंय अजून," ताई म्हणाल्या, आणि त्यांचे कान तापले. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. त्यानंतर मात्र राहवेना. सगळं कबूल करून टाकलं.

"अगं ताई, नुसता फोन केला असतास तरी चाललं असतं की!"

"उचलला असतास?"

तो हळूच म्हणाला, "नवा पेन ड्राइव्ह आण. फाइलही परत उतरव."

पंचवीस मिनिटांत काम फत्ते झालं. बारक्या म्हणाला, "शाबास!"

दुसऱ्या दिवशी सुट्टीत ताईंनी उगाचच फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. संध्याकाळी निरोप आला, "मीटिंगमध्ये होतो गं. परत बिघडलं का?"

ताईंनी दोनदा काहीतरी लिहिलं, पुसलं.

"नाही रे. छान चाललंय," असं शेवटी पाठवलं.